भर उन्हात अंगावर राहील अशी पँट

२ मार्च

चि. सौ. ठमीस,

अनेक आशीर्वाद. त्यातला एक उसना समज, कारण पत्राच्या शेवटी काहीतरी परत मागणार आहे.

शाळेच्या फाटकाबाहेर, वळणावर ती टपालपेटी होती, आठवते? दुपारी सुटल्यावर आपण दोघी तिच्या आडोशाला थांबायचो आणि गुडघ्यापर्यंतचे लोकरी मोजे घोट्यापर्यंत गुंडाळायचो. आत शिवणाच्या सिस्टर सांगायच्या की मोजे वर असणं म्हणजे मुलीची शिस्त, आणि बाहेर ऊन मी म्हणत असायचं. तू माझा खांदा धरून एका पायावर उभी राहायचीस, बगळ्यासारखी. मग मी सायकलवर पुढे, तू मागे कॅरियरवर. पोटऱ्यांना वारा लागला की तू गाणं सुरू करायचीस, आणि मी तुला गप्प करायला घंटी वाजवायचे. आज खिडकीची काच पुसताना हे आठवलं. त्या दुपारी काही विशेष घडायचं नाही. तरी कशी जशीच्या तशी राहिली आहे बघ.

फोनवर चावीचं नाव काढलं की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं. पडदे शिवणारीला इतकी गिऱ्हाइकं असतात हे मला माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र. याच्या मध्ये कोणी येत नाही.

मांडीला नवी कातडी धरली आहे, कमरेची सूज गेली, जिना एका दमात चढते. परवा डॉक्टरांनी पाय सगळ्या बाजूंनी वाकवून पाहिला आणि गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. मागच्या मे महिन्यात पाण्याच्या टाकीजवळ खडीवर गाडी घसरली, तेव्हा माझी गाडीवर घालायची जाड पँट घरी खुंटीवर होती. उकडतं म्हणून मी ती ठेवून गेले होते, हे तुला मी नव्याने सांगायला नको. तू धावत आलीस, महिनाभर माझं सगळं केलंस, आणि जाताना ह्यांच्या मोटरसायकलची चावी पर्समध्ये टाकून घेऊन गेलीस. तेव्हा मी ती नेऊ दिली. ह्यांच्या माघारी मला हक्काने रागावणारं कोण उरलं आहे, म्हणून बरंही वाटलं.

पण आता ऐक. दवाखान्याच्या टेकडीवरच्या घरोघरच्या फेरीला माणूस नाही. बस टाकीपर्यंतच जाते. बदलीची नर्स भाड्याच्या गाडीने आठवड्यातून एकदा येते. बँडमास्तरांच्या पायाची जखम, जिला मी एक दिवसाआड ड्रेसिंग करून नाण्याएवढी केली होती, ती पुन्हा तळहाताएवढी झाली आहे. आता मोठ्या इस्पितळात पाय काढण्याची भाषा चालू आहे. लेस विणणाऱ्या आजी अंथरुणाला खिळल्या आहेत, त्या म्हणतात खिडकी सोडून कुठेही जाणार नाही. दवाखान्याने कळवलं आहे की या महिनाअखेर फेरी घ्यायला कोणी पुढे आलं नाही तर ती बंद, आणि सगळ्या पेशंटांना दूरच्या वॉर्डात हलवणार. मी नाव दिलं आहे.

ठमे, चावी पाठव. आणि तुझा लोभ चावीबरोबर गेला नसेल तर तोही.

तुझी,
ताई


६ मार्च

ती. ताईस,

साष्टांग घातला असता, पण दिवसभर मशीनवर बसून पाठ धरली आहे. उभ्यानेच नमस्कार मानून घे.

चावी मिळणार नाही.

पहिल्याच ओळीत सांगितलं, म्हणजे तू शेवटपर्यंत आशेवर वाचणार नाहीस. कारण तुला माहीत आहे, पण लिहिते. तुझ्या मांडीतून खडी वेचताना तुझ्याच दवाखान्यातली नर्स होती आणि ट्रे धरायला मी होते. त्या ट्रेमध्ये खडा पडला की टिक्‌ असा आवाज यायचा. तू छताकडे बघत तिला चिमटा कसा धरायचा ते शिकवत होतीस. मी अजून मणी ओवायला घेतले की तो आवाज ऐकते. पडद्यांच्या झालरीला मणी लावायचं काम मी सोडून दिलं आहे, विचार दुकानातल्या बायकांना.

तुला पडायची भीती नाही, हे मला कळतं. मला आहे. आई गेली, दादा गेला, भावजी गेले. जुन्यांतल्या राहिलोय आपण दोघी. तू हातपाय मोडून घेतलेस तर मी भांडू कोणाशी?

तुझ्याकडे पँट नव्हती असं नाही. होती, चांगली होती, भावजींनी हौसेने आणली होती. पण ती तू मार्चमध्ये घातलीस, एप्रिलमध्ये कुरकुरलीस आणि मेमध्ये खुंटीला लावलीस. म्हणजे ज्या पँटीने वाचवायचं ती भिंतीला वाचवत बसली. नव्या पँटीचंही तेच होणार नाही कशावरून? जित्याची खोड आहे ती. मोजे आठवलेस ना तूच?

तरी बँडमास्तरांचं वाचून मला रात्री जेवण गेलं नाही, म्हणून एक अट घालते. अशी पँट शोध, जी तू मे महिन्यात, ऐन दुपारी, घरापासून टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत अंगावरून काढणार नाहीस. पाच पेशंटांकडे खाली बसायचं, उठायचं, वाकायचं, सगळं त्याच पँटीत. ती सापडली की मला लिही. मापात बसत नसेल तर माझ्याकडे पाठव, मी बसवून देते. पँट आधी, चावी नंतर. माझा नवरा म्हणतो की ही अट न्यायाधीशाला शोभेल. मी म्हटलं, न्यायाधीशाला बहीण नसेल.

राग आला तर येऊ दे, मात्र माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठमी


१३ मार्च

चि. सौ. ठमीस,

आशीर्वाद. पाठ शेक, आणि मशीनच्या खुर्चीत उशी घे.

तुझी अट मान्य. मी भांडायच्या तयारीने पत्र उघडलं होतं, पण तुझं खरं आहे.

काल बाजारातल्या हेल्मेटच्या दुकानात गेले. मालकाने मला बघून विचारलं की आजी, नातवाचं माप आणलंय का. मी म्हटलं, माप चालत आलंय, टेप काढा. मग तो जरा सावरला आणि माणूस चांगला निघाला. त्याने सगळं उकरून दाखवलं.

चामड्याची पँट हातात घेतली आणि खाली ठेवली. घसरलं तर तिच्यासारखी दुसरी नाही म्हणे, पण आपल्याकडच्या उन्हात ती म्हणजे भट्टीला पाय लावून बसणं. मग जीन्सची. बाहेरून साधी, आत मांडीला, गुडघ्याला आणि बसायच्या जागी न फाटणाऱ्या धाग्याचं पिवळं अस्तर. दिसायला सभ्य. मला मोह झाला, पेशंटांकडे शोभेल म्हणून. पण आत हात घालून बघितला तर थोड्या वेळात तळवा ओला. शेवटी त्याने जाळीची काढली. मांड्यांच्या पुढच्या बाजूला आणि पोटऱ्यांना मोठ्या भोकांची जाळी, नुसतं तोंडाने फुंकलं तरी पलीकडे वारा जातो. पण जिथे माणूस आपटतो तिथे, म्हणजे गुडघे, कुल्ले आणि बसायची जागा, तिथे जाड चिवट कापड आणि शिवण दुहेरी तिहेरी. तुला ती शिवण आवडेल. गुडघ्यात पॅडचे खिसे आहेत. कमरेच्या बाजूला मात्र खिसे आहेत आणि आत नुसता मऊ स्पंज, केकखाली ठेवतात तसला. मालक म्हणाला, सगळे असंच विकतात. मी खरी पॅडं वेगळी घेतली. कंबर पुन्हा स्पंजवर आपटायची माझी इच्छा नाही. रंग फिका राखाडी घेतला, काळा ऊन शोषतो म्हणून. दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूने कमरेपासून घोट्यापर्यंत चेन आहे, बुटांसकट घालता येते.

अडचण एकच. बायकांच्या मापाची त्याच्याकडे एकही नव्हती. ही पुरुषी आहे. कमरेला दोघी मावू, मांडीत झुलते, आणि पॅड गुडघ्याऐवजी नडगीवर बसतं. पॅड हललं की असून नसून सारखं. म्हणून पार्सलने तुझ्याकडे पाठवली आहे. माझं जुनं माप तुझ्याकडे असेलच. पोट किती वाढलं ते सोबत चिठ्ठीत लिहिलं आहे, ती वाचून फाडून टाक.

लवकर कर. डॉक्टर रोज विचारतात.

हट्ट करणाऱ्या बहिणीवर जितका जीव लावता येतो तितका लाव.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. आज पाठ बरी आहे, थोडं वाकून केला.

पँट तयार. मी स्वतःची स्तुती करत नाही, पण दुकानातल्या सगळ्या बायका ती हातात घेऊन बघत होत्या. एकीने तर विचारलं की ही कुठल्या सैन्यात आहे. कंबर आत घेतली, मांडीच्या शिवणी उसवून आतून घेतल्या, खालची पट्टी कापून तुझ्या बुटाच्या बरोबर टोकाला आणली. गुडघ्याचे खिसे उचलून नेमके तुझ्या गुडघ्यावर बसवले. ताठ उभी असतानाचं माप आहे, शिवणाच्या सिस्टर घ्यायच्या तसं, पोट आत, श्वास रोखून. सुतासारखी बसेल.

आणि एक काम तू न सांगता केलं. ती जाळी उजेडासमोर धरली तर पलीकडचं सगळं दिसत होतं. तू त्यात आजारी माणसांच्या घरी जाणार, त्यांचे मुलगे, जावई घरात असणार. मी म्हटलं, माझी ताई असल्या कापडात दारात उभी राहणार नाही. म्हणून आतून अस्तर लावलं आहे, फिक्या राखाडी सॅटीनचं, पूर्ण लांबीचं. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या पडद्यांतून उरलं होतं. आता कशी भारदस्त दिसते.

घाल आणि कळव. छान बसली एवढं लिहिलंस की दुसऱ्या दिवशी चावी टपालात. मी शब्दाची पक्की आहे. मला आता तुझ्या बँडमास्तरांचीच काळजी लागून राहिली आहे.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
ठमी


२३ मार्च

चि. सौ. ठमीस,

आशीर्वाद, आणि खुर्चीत बस. उभ्याने वाचू नकोस.

काम इतकं सुंदर आहे की पँट घालून मी आरशासमोर किती वेळ उभी होते. चुकूनही वाटणार नाही की ती पुरुषाची होती. छान बसली, हे दोन शब्द मी लिहिले असते तर खोटं नव्हतं. उभ्याने ती छानच बसते.

पण मी मोटरसायकल उभ्याने चालवत नाही.

चावी नाही, म्हणून गाडी अंगणात स्टँडवर लावून तिच्यावर बसले. भर दुपारी, तुझ्या अटीप्रमाणे. वारा हवा म्हणून टेबलफॅन स्टुलावर ठेवून समोर लावला, लांब वायर खिडकीतून घेतली. शेजारचे शिक्षक कुंपणावरून म्हणाले की अशाने बाई तुम्ही फार लांब पोचणार नाही. मी त्यांना पंखा जरा डावीकडे करायला लावला.

ठमे, बसल्याबरोबर पँट वर सरकली. खालची पट्टी बुटाच्या टोकाला होती ती पोटरीच्या मध्यावर आली. गुडघ्याचं पॅड मांडीवर चढलं आणि गुडघा उघडा पडला, जो मागच्या वेळी सोलला होता तोच. आपल्याला शाळेत उभ्याचं माप शिकवलं, कारण शाळेत आपण उभ्याच असायचो. हे माप गाडीवर बसून, गुडघे वाकवून, हात हँडलवर ठेवून घ्यायला हवं होतं. ते मी तुला सांगायला हवं होतं. दोघी एकाच शाळेतल्या, दोघींना सुचलं नाही.

आणि अस्तर. रागावू नकोस. पंखा तोंडावर लावला तरी पायाला वाऱ्याचा स्पर्श नाही. तू जाळीला पडदा लावलास गं. सॅटीन मांडीला चिकटलं, घाम पोटरीवरून बुटात उतरला. मी दात खाऊन बसून राहिले, कारण चावी हवी होती. मग खाली उतरून स्वतःला विचारलं की एक मेला मी ही घालेन का. घालेन. आणि पाच मेला? खुंटीवर असेल. मी स्वतःला ओळखते.

महिना संपत आला आहे, हे मला ठाऊक आहे. तरी तुला खोटं लिहून चावी घेणार नाही. घेतली असती तर फेरी सुरू झाली असती, आणि पहिल्या उकाड्यात मी पुन्हा तशीच बाहेर पडले असते.

अस्तर मीच हलक्या हाताने उसवून काढलं आहे. पाय दिसण्याचं म्हणशील तर आत पातळ सुती लेगिंग्ज घालीन. वारा त्यातून येतो, आणि घामाने त्या ओलावल्या की उलट गार वाटतं. गाडीवर बसून घेतलेल्या सगळ्या मापांचे आकडे सोबत आहेत, शिक्षकांच्या बायकोने टेप धरला. पँट आजच परत पाठवते. डॉक्टरांकडून महिनाअखेरपर्यंतचा शब्द घेतला आहे, त्याच्या पुढे ते थांबणार नाहीत.

तुझ्या हाताला दोष देत नाही. त्याच हातावर विसंबून आहे.

तुझी,
ताई


२७ मार्च

ती. ताईस,

नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले. ते सॅटीन कसलं होतं तुला कल्पना नाही. मग टेबलफॅनपर्यंत आले आणि इतकी हसले की नवरा आतून बघायला आला. त्याला मी तिथेच शिवणाच्या बाकावर पाय दोन्हीकडे टाकून बसवलं, हातात उशी दिली हँडल म्हणून, आणि पँट त्याच्या अंगावर चढवून बघितली. पँट खरंच वर पळते. इतकी वर्षं शिवणकाम करते आहे, पण माझे पडदे कधी खाली बसत नाहीत ना.

आता नीट ऐक. कापलेल्या पट्टीच्या जागी त्याच जाड कापडाची नवी पट्टी जोडून पाय लांब केला आहे. उभी राहशील तेव्हा बुटावर दुमडेल, दिसायला वाईट, बसशील तेव्हा बरोबर. पॅडचे खिसे खाली घेतले आणि आत चिकटपट्टी लावली, म्हणजे तुला बोटभर वर-खाली करून बसवता येईल. मागून कंबर उचलली आणि तिथे रुंद इलॅस्टिक, वाकल्यावर पाठ उघडी पडणार नाही. अस्तराचा एक धागाही ठेवला नाही. जाळी उघडी. दिसू दे पाय कोणाला दिसायचे ते. या वयात बघून तरी कोण बिघडणार आहे.

चावी पार्सलमध्येच आहे. शोधू नकोस, पँटीलाच आहे. उजवीकडच्या पट्ट्याच्या लूपला मी मजबूत दोरीने ती शिवून टाकली आहे. पँट घातल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. अट शब्दांत घालून भागत नाही, हे मला त्या खुंटीने शिकवलं.

तू छान म्हणाली असतीस तर मी चावी पाठवून मोकळी झाले असते, आणि उघड्या गुडघ्याने तुला त्या खडीवर धाडलं असतं. हा विचार आला आणि दुपारभर मशीन चालवता आलं नाही. तू खरं लिहिलंस, म्हणून चावी पाठवते. पँटीसाठी नव्हे.

एवढं सगळं करूनही माझी भीती जात नाही. ती जायची नाही, तिला सवय लावीन. तुला सगळं नीटनेटकं लागतं, तर एक काम कर. कमी-जास्त झालं तर कोणाला काय द्यायचं ते मला एकदा लिहून टाक. चेष्टा करत नाही. लिहिलेलं माझ्याकडे असलं की मला झोप लागेल.

पोचल्याचं कळव. रोज कळव म्हणणार नाही, पण रोज वाट बघीन.

तुझी,
ठमी


९ मे

चि. सौ. ठमीस,

अनेक आशीर्वाद, उन्हात वाळवलेले.

एक एप्रिलला फेरी सुरू केली हे फोनवर सांगितलंच. मोठं पत्र मुद्दाम मे महिन्यासाठी ठेवलं. मार्च-एप्रिलचा पुरावा तू मानला नसतास.

तुझ्या दोरीत मी एक बदल केला आहे. गाडी पडली तर माणूस गाडीपासून सुटायला हवा, तिला बांधलेला राहता कामा नये. म्हणून लूपला दोरीऐवजी टिचबटण लावलं आहे. हिसका बसला की सुटतं. चावी पँटीलाच असते, पण पँट मला गाडीला बांधत नाही. तुला पटेल.

पँट रोज घालते. खुंटी रिकामी आहे, तिच्यावर आता छत्री असते. काल ऊन असं होतं की डांबर बुटाला चिकटत होतं. गाडी पळत असली की जाळीतून वारा सरळ मांडीपर्यंत येतो, सायकलवर यायचा तसा. मध्येच कुठे थांबलं की मात्र इंजिनची धग पोटरीला लागते आणि जीव नकोसा होतो. निघताना लेगिंग्ज ओल्या करून घालते, पाण्याची बाटली पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीत. बँडमास्तर म्हणाले की आग विझवायला माणूस आला वाटलं, नर्सबाई कुठे आहेत. मी त्यांच्या पायाशी खाली बसले तर गुडघ्याचं पॅड उशीसारखं टेकलं. जमिनीवर बसून ड्रेसिंग करणं इतकं सोपं कधीच नव्हतं. जखम आत भरत येते आहे, कडा गुलाबी आहेत. पाय काढायचं आता कोणी बोलत नाही. लेसवाल्या आजींनी जाळीवरून बोट फिरवलं आणि वीण अगदीच ढोबळ आहे म्हणाल्या.

आता तू मागितलेलं.

घर आणि बँकेचं मुलाला, ते वकिलाकडे आहे, त्याची तुला तोशीस नको. मोटरसायकल मात्र त्याला नको. तो शनिवारी चकचकीत पुसेल आणि झाकून ठेवील. गाडी त्या मुलीला द्यायची जी टेकडीची फेरी घेईल. सध्या दवाखान्यात एक तरुण नर्स आहे, माझ्याबरोबर दोनदा मागे बसून आली, वळणावर ओरडत नाही. तीच घेईल असं वाटतं. ती नसेल तर जी असेल ती. पँटही तिलाच, चावीसकट. माझ्याहून उंच आहे, पट्टी तू पुन्हा सोडून दे, आणि माप तिला गाडीवर बसवून घे. जिला मे महिन्यात दुपारी ही पँट घालायची नसेल तिला गाडी देऊ नकोस, कितीही गोड बोलली तरी.

मला कधी इस्पितळात आणलं, तर तिथल्या नर्सना कात्री लावू देऊ नकोस. सगळ्यांना घाई असते, आधी कपडे कापतात. मीही कापले आहेत. दोन्ही बाजूंनी चेन आहे, वरून खाली उघडते, एवढं ठणकावून सांग.

हेल्मेट कोणालाही द्यायचं नाही. आपटलेलं हेल्मेट बाहेरून शहाणं दिसतं. फोडून टाक. बूट शिक्षकांच्या बायकोला, बागेत घालायला. माझी ड्रेसिंगची पेटी दवाखान्याला, त्यातला बारीक चिमटा सोडून. तो त्या तरुण मुलीला, तिचा हात हलका आहे.

तुझ्या नावापुढे काही लिहिलेलं नाही. तुला काही द्यायचं म्हणजे मी नसायला हवं, आणि पुढच्या आठवड्यात मी तुझ्याकडे येते आहे, गाडीवर, सकाळी लवकर निघून. जेवायला थांब.

तुझी,
ताई